डाव्या चाकाचा आवाज

१९ जानेवारी, रविवार

नव्या घराचं काम संपत आलं म्हणून ही वही काढली, आणि पहिल्याच पानावर गाडीचं रडगाणं लिहावं लागतंय.

आज अव्वांना घर दाखवायला गावाहून घेऊन आले. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, मल्लम्मा. किल्लारीच्या पट्ट्यातलं आमचं गाव. भूकंपानंतर सरकारनं नव्या गावठाणात त्यांना घर दिलं, पण त्या घरात त्या एक रात्रही झोपलेल्या नाहीत. शेजारी पत्र्याचं शेड आहे, त्यात त्यांची बाज. ऊन, पाऊस, थंडी सगळं त्या पत्र्याखाली. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला तेव्हा दवाखान्यातसुद्धा व्हरांड्यात खाट टाका म्हणून नर्सशी भांडल्या. डॉक्टर म्हणाले, पुढचा हिवाळा पत्र्याखाली काढू देऊ नका.

म्हणून लातूरला हे घर. अव्वा आमच्याजवळ हव्यात, आत, भिंतींच्या उबेत. आणि खोटं कशाला लिहू, लोकांच्या तोंडाचीही भीती आहेच. नवं घर बांधलं आणि सासूला अंगणात झोपवलं, हे गोलाई बाजारातल्या आमच्या भांड्याच्या दुकानात गिऱ्हाइकांनी मला ऐकवलं नाही तर मी दामिनी नाही.

सगळं छान चाललं होतं. अव्वा मागच्या सीटवर माझ्या लेकीला, सृष्टीला, अकरावीत नक्की काय शिकवतात ते विचारत होत्या. आमच्या प्लॉटच्या फाटकाशी मी ब्रेक दाबला आणि पुढच्या डाव्या चाकातून आवाज आला. खर्रर्र. दगडावर दगड फिरवल्यासारखा. गेला आठवडाभर तो अधूनमधून येतोय, पण आजच्याइतका कधी नाही.

मागं वळून बघितलं तर अव्वांनी सृष्टीचं मनगट घट्ट धरलं होतं.

"त्योच आवाज हाय," त्या म्हणाल्या.

"चाकाचा आहे अव्वा. ब्रेक झिजलेत."

त्या बराच वेळ उतरल्याच नाहीत. मग उतरल्या, घर बघितलं, खांबांवरून हात फिरवला, स्वयंपाकघरातली खिडकी फार आवडली. म्हणाल्या, "लई झाक बांधलाव. म्या बाहीर झोपीन."

मला रडूच आलं, आणि मी रडले की रागावते. म्हटलं, "अव्वा, एका चाकाच्या आवाजावरून माझ्या घराला नाव ठेवू नका."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "चाकाचाच असंल तर चाक नीट कर. आवाज बंद झाला की म्या आत झोपते. हा माजा शब्द."

इतक्या वर्षांत असा शब्द त्यांनी शिवप्रसादनाही दिलेला नाही, पोटच्या पोराला. मला दिला. आता चाक नीट करायचं.

२१ जानेवारी, मंगळवार

भुजंगच्या गॅरेजमध्ये गेले. त्याचा पहिला प्रश्न, "साहेब न्हाई आले का?" म्हटलं, साहेब नांदेडला बियाण्याच्या कंपनीत आहेत, शुक्रवारी येतात आणि त्यांना जॅक कुठं ठेवलाय तेही माहीत नाही, गाडी मी चालवते, आवाज मला येतो, काय विचारायचं ते मला विचार.

मग सुतासारखा सरळ झाला. चाक उतरवलं. ब्रेक पॅड पार संपले होते, मागची पट्टी उघडी पडून थेट डिस्कला लागत होती. "लोखंडाला लोखंड घासायलंय मॅडम. अजून पंधरा दिवस चालवला असताव तर डिस्कच फेकून द्यावी लागली असती." डिस्कवर चरे पडले होते, बोटाला लागत होते. ते बघून मला इतका आनंद झाला की भुजंगला माझं डोकं फिरलंय असं वाटलं असणार. आवाजाला कारण होतं, आणि ते हातात धरता येत होतं.

दोन्हीकडचे पॅड बदलले, डिस्क घासून सारखी केली. नंतर रेणापूर रस्त्याला गाडी घातली, काचा खाली करून. हळू दाबला, जोरात दाबला. काही नाही, नुसता वारा.

शिवप्रसादना फोन केला. म्हणाले, "अव्वा आत झोपणार? तू कायतरी जादू केलीस." मी म्हटलं, जादू भुजंगनं केली, मी फक्त त्याला झापलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

आला.

दुपारी वायरिंगवाल्याला किल्ली द्यायला प्लॉटवर गेले. फाटकाशी ब्रेक दाबला आणि तोच आवाज, तोच डावा कोपरा. या वेळी नीट ऐकला, कारण काचा खाली होत्या. गाडी थांबल्यावरही तो जरासा पुढं चालूच राहिला, मग विरला. तापलेली डिस्क थांबल्यावर बसत असणार. तव्याचा होतो की तसा आवाज, गॅस बंद केल्यावर.

शेजारच्यांचा कुत्रा एरवी माझ्या गाडीच्या चाकाशी भांडतो. आज रस्त्याच्या मध्ये उभा होता, कान ताठ, पण गाडीकडं बघत नव्हता. जमिनीकडं बघत होता. हॉर्न दिला तरी हलला नाही.

जमिनीखालच्या हौदाचं झाकण उघडून पाणी किती आहे ते बघितलं. पाण्यावर मधून कडेला जाणारी वलयं उठत होती, बारीक बारीक. वायरिंगवाला म्हणाला, "हायवा गेला असंल मागच्या रोडनं." मला हायवा दिसला नाही. पण हल्ली इतके डंपर जातात, एखादा गेलाही असेल.

भुजंगला फोनवर चार शब्द सुनावले. पॅड भिकारडे घातले असणार त्यानं.

२९ जानेवारी, बुधवार

भुजंगला गाडीत घालून प्लॉटवर नेलं. म्हटलं, ऐक तुझ्या कानानं. फाटकाशी पाच-सहा वेळा थांबवली. आवाज आला नाही. गाडी माझ्याशी वैर धरून आहे. भुजंग मिशीत हसत होता, आणि मला तो हसलेला अजिबात आवडला नाही.

तरी मी चाक उतरवायला लावलंच. जॅक लावून त्यानं चाक हातानं फिरवून बघितलं, बेअरिंग ठीक. मग डिस्कच्या मागं जो पातळ पत्रा असतो तो वाकवला, आणि आतून टचकन एक खडा पडला. बोराएवढा, काळा, एका बाजूनं घासून चकचकीत झालेला.

"ह्यो बगा चोर," भुजंग म्हणाला, आणि खडा माझ्या तळहातावर ठेवला.

तो गरम होता. चाकातून आलेला गरमच असणार.

तिथून दुकानात आले. दुपारी सामसूम होती, मी गल्ल्यावर पेंगत होते, आणि एकात एक घातलेल्या वाट्यांची चळत किणकिणली. शेल्फवरून उंदीर गेला असेल. संध्याकाळी पिंजरा लावला.

२ फेब्रुवारी, रविवार

अव्वांना खडा दाखवायला मी आणि शिवप्रसाद गावी गेलो. मला वाटलं होतं त्या हसतील. त्यांनी तो हातात घेऊन वास घेतला, आणि शेडमधल्या लिंगपूजेच्या कोपऱ्यापाशी, दिव्याजवळ ठेवून दिला.

शिवप्रसाद शेताकडं गेल्यावर त्या आपणहून बोलल्या. एरवी भूकंपाबद्दल अवाक्षर काढत नाहीत, म्हणून आठवेल तसं लिहून ठेवते.

"आदी वरीसभर आवाज यायलता. असाच. खालून. सगळं गाव बाहीर झोपायचं. मंग लोकं कटाळली. मामंजी म्हणले, कामून भ्यायलाव, त्यो पिठाच्या गिरणीचा आवाज हाय. गिरणीवाल्याला जाऊन भांडले. त्यानं पट्टा बदलला, दगडाला टाके घालून घेतले. मंग थोडे दिस आवाज न्हाई आला. सगळे म्हणले, बगा, गिरणीचाच व्हता."

मी विचारलं, मग?

"गणपती बुडवून आलो. सुवर्णीला थंडी वाजायलती. म्या म्हणलं, चल आत. म्याच म्हणलं."

सुवर्णा म्हणजे शिवप्रसादची धाकटी बहीण. ते स्वतः तेव्हा शिकायला उदगीरला मावशीकडं होते म्हणून वाचले. अव्वांना दगडमातीखालून काढलं तेव्हा त्यांच्या हातात पोरीचं मनगट होतं, एवढं मला लग्नानंतर मावशीनं सांगितलं होतं. त्यापुढचं कुणी सांगत नाही.

उगाच खडा दाखवायला आणला. मी त्यांच्या पायावर हात ठेवून म्हटलं, "अव्वा, ते वेगळं होतं. हे चाक मी डोळ्यांदेखत उघडलंय." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "हाव. तू बगितलीस न्हवं, मंग झालं."

निघताना त्या रस्त्यापर्यंत आल्या. कोपऱ्यावर वळताना मी ब्रेक लावलाच नाही, गिअर कमी करत गाडी हळू केली. शिवप्रसादनी विचारलं, असं का चालवतेस? म्हटलं, पेट्रोल वाचतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षा झाली. अव्वा पास की मी पास, ते कळत नाही.

डॉक्टरांना दाखवायला म्हणून त्यांना आणलं होतं. दवाखाना झाल्यावर सरळ रेणापूर रस्त्यावर नेलं, गुळगुळीत डांबरावर. पुढच्या सीटवर बसवलं, काच खाली केली. म्हटलं, ऐका आता. ब्रेक दाबत गेले, सोडत गेले. मागचा ट्रॅक्टरवाला शिव्या घालून पुढं गेला. चाकातून चकार आवाज नाही. अव्वा डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बंद झालाय. म्या शब्द पाळीन."

मी त्यांना प्लॉटकडं नेलं नाही. उत्तर येणारे तेवढेच प्रश्न विचारून घेतले, असं झालं हे. पण आवाज तिथं तरी रोज कुठं येतो? आणि आला तर त्याला कारण आहे: फाटकासमोर अजून नुसती खडी आहे, खडीचे कण उडून चाकात जातात. भुजंगही तेच म्हणाला. म्हणजे मी विचारलं आणि तो हो म्हणाला.

त्यांना गावी सोडून येताना एकटीच प्लॉटवर गेले. दिवस मावळायचा होता. फाटकापाशी आले आणि आवाज आला. ब्रेकवर पाय जायच्या आधीच आला, असं वाटलं. पायाचा आणि कानाचा मेळ बसला नसेल. दिवसभर ड्रायव्हिंग केल्यावर होतं असं.

गाडी बंद करून बसून राहिले. झाडावर एकही पाखरू नव्हतं. मग लगेच भाड्याच्या घरी आले. भीती वाटली का? वाटली. कशाची, ते विचारलं तर सांगता येणार नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वास्तू झाली. मठातले स्वामी आले, पाद्यपूजा झाली, दारात त्यांची पावलं लागली आणि घर एकदम घर वाटायला लागलं. विभूतीचा वास अजून आहे. पुरणपोळीला तूप कमी पडलं असं शिवप्रसादची मावशी तीन बायकांना सांगून गेली. पडलं नव्हतं.

उंबऱ्याशी अव्वा थांबल्या. गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला, आणि आत आल्या. सगळे बघत होते. शिवप्रसाद तोंड फिरवून फाटकाकडं गेले, तिथं काही काम नसताना.

समोर खडी होती ती मी परवाच झाडून घेतली, वर पाणी मारलं, आणि गाडी आठवडाभर मागच्या गल्लीत लावलीय. आपल्याकडून काही राहायला नको.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अव्वा आत झोपल्या. मधल्या खोलीत, सृष्टीच्या शेजारी, स्लॅबखाली. सकाळी उठून बघितलं तर अंथरुणाची घडी घालून बसलेल्या. विचारलं, झोप लागली का? म्हणाल्या, "पडले व्हते की निवांत."

शिवप्रसादनी चहा घेताना माझा हात धरला, सृष्टीसमोर. एवढंच लिहायचं होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अंगणात बसून लिहितेय. ऊन कललं आहे.

सकाळी शिवप्रसाद गाडी घेऊन नांदेडला गेले. एरवी एसटीनं जातात, पण या वेळी कंपनीची खोकी न्यायची होती. मला बरंच वाटलं. चार दिवस तरी चाकाची कटकट नको.

दुपारी सृष्टी क्लासहून आली, जेवली, आणि अव्वांशेजारी आडवी झाली. मी स्वयंपाकघरात भांडी फडताळात लावत होते, खिडकी उघडी. आणि फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. खर्रर्र, डावीकडून, आणि थांबल्यावर जरासा पुढं चालू.

मला पहिल्यांदा रागच आला. परत आले वाटतं, काहीतरी विसरले असणार, आणि नेमकी गाडी इथं आणून लावली, अव्वांच्या कानाशी. हातातलं पातेलं ठेवून खिडकीशी गेले.

फाटकाशी काही नव्हतं. झाडलेला रस्ता होता. रस्त्याच्या मध्ये तो कुत्रा उभा होता.

मी फोन लावला. शिवप्रसादनी हळू आवाजात उचलला, मीटिंगमध्ये होते. गाडी कुठंय, विचारलं. म्हणाले, "खाली पार्किंगमध्ये. का गं? एकदम मस्त आली, एवढे ब्रेक मारले, जरा म्हणून आवाज नाही." मी बोलत असतानाच फडताळातल्या वाट्या किणकिणायला लागल्या. एकीवर एक, अगदी हलक्या. मी हातानं धरल्या तर त्या माझ्या हातात थरथरत होत्या.

मधल्या खोलीत गेले. सृष्टी गाढ झोपली होती. अव्वा तिच्या शेजारी उताण्या पडल्या होत्या, डोळे टक्क उघडे, वर स्लॅबकडं. एक तळहात फरशीवर सपाट टेकवलेला. दुसऱ्या हातात सृष्टीचं मनगट.

त्यांनी मान न हलवता विचारलं, "शिवा आला का गाडी घेऊन?"

आला म्हटलं असतं तर त्या तशाच पडून राहिल्या असत्या. मला ते लख्ख कळलं, आणि एक क्षणभर, देव साक्षी आहे, ते उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. सगळं मनासारखं झालं होतं हो. तीनच दिवस झाले होते.

"नाही अव्वा," मी म्हटलं. "गाडी नांदेडला आहे."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "मंग उठीव पोरीला."

सृष्टीला ओढूनच बाहेर काढलं, अर्धवट झोपेत, कुरकुरत. अव्वांना मी कमरेला धरून आणलं. अंगणात भिंतींपासून लांब, आंब्याचं रोप लावलंय तिथं बसवलं. मग आत जाऊन अंथरुणं आणली, पाण्याची घागर आणली, त्यांची औषधं आणली. प्रत्येक खेपेला उंबरा ओलांडताना आधी वर स्लॅबकडं बघत होते. आपण बांधलेल्या घराची भीती वाटते, हे कुणाला सांगायचं?

सगळं आणून झाल्यावर अव्वांना विचारलं, "तुम्हाला याआधी आला होता का?"

"पयल्या राती बी आला. काल बी आला, दोनदा."

"मग उठला का नाहीत? मला का नाही सांगितलं?"

त्या पदरानं सृष्टीच्या कपाळावरचा घाम पुसत होत्या. पोरगी त्यांच्या मांडीवर परत झोपली होती.

"तू एवढी धावलीस माज्यासाठी," त्या म्हणाल्या. "चाक खोललीस, दगड काडलीस. म्या म्हणलं, दामिनी म्हणतीया तर चाकाचाच असंल. आन् शब्द दिलता की. पोरीचा हात धरून पडायचे म्या. तेवडंच आपल्या हातात."

मी त्यांच्या शेजारी बसून रडले. या वेळी राग आला तो फक्त माझाच मला.

शेजारच्या बाई कुंपणावरून डोकावल्या. विचारलं, सामान बाहेर का? आधी म्हणणार होते, रंगाचा वास सहन होत नाही. मग खरं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "आमच्याकडं बी यायलाय. आमचे म्हणायले, बोअरच्या मोटारीचा हाय. परवाच मोटार काडून दुरुस्तीला दिली." थोड्या वेळानं त्यांच्या अंगणातून खाट ओढल्याचा आवाज आला.

तहसीलला फोन केला. भूगर्भात हालचाल होते अधूनमधून, घाबरू नका, नोंद घेतो, असं एक माणूस म्हणाला. सवयीनं म्हणाला.

लोक काय म्हणायचं ते म्हणोत. आज अव्वा बाहेर झोपतील, आणि त्यांच्या एका बाजूला सृष्टी, दुसऱ्या बाजूला मी. पत्र्याच्या शेडला किती दिवस लागतात ते उद्या विचारते. पुढच्या हिवाळ्याचं पुढं बघू. तीन बाजूंनी ताडपत्री लावू, आत शेकोटी ठेवू, काहीही करू.

आत्ता शिवप्रसादचा फोन येऊन गेला. दुपारी मी अर्धवट ठेवला म्हणून काळजीत होते. अव्वांबद्दल तुम्ही आल्यावर सांगेन म्हटलं, फोनवर नको. एवढंच सांगितलं की उद्याच सुट्टी काढून या, आणि येताना जाड सतरंजी आणा. ते म्हणाले, "बरं. येतायेता भुजंगकडं चाक दाखवू का परत? तुला अजून शंका वाटते का?"

"नको," म्हटलं. "चाकाला काही झालेलं नाही."